स्टॅनबीची टांकसाळ

क्लिफर्ड टिड्सवेलसाहेबांना फक्त एक खड्डा खणायचा होता. तोसुद्धा काही विहिरीएवढा नव्हे. कपडे वाळत घालायची छत्रीसारखी उघडणारी दांडी असते ना, तिचा बुंधा मावेल एवढाच. ही दांडी त्यांच्या पत्नी ग्लेनिसबाईंनी गेल्या उन्हाळ्यात आणून ठेवली होती, पण इंग्लंडातल्या लिंकनशायरचा उन्हाळा असा की माणूस फावडं शोधून आणेपर्यंत तो निघून जातो. या खेपेला साहेबांनी फावडं आधीच शोधून ठेवलं होतं.

खड्डा खणताना जवळपास शेजारी नसावा. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण असायला हवा. शेजारच्या बेसिल हक्सटेबलने जन्मभर गालिचे विकले होते, त्यामुळे जमिनीतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची समजूत होती. तो कुंपणावर कोपरं टेकून उभा राहिला आणि फावडं कुठे धरावं, माती कुठल्या अंगाला टाकावी, कंबर किती वाकवावी हे सांगू लागला. साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. निवृत्त होईपर्यंत ते मोटार चालवायच्या परवान्याची परीक्षा घेत असत. आयुष्यभर घाबरलेल्या माणसांच्या डाव्या हाताला, मांडीवर कागद घेऊन, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता बसलेला माणूस असल्या सल्ल्यांनी विचलित होत नाही. जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी नापास केलं होतं. म्हणून बाजारात लोक त्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणत, पण जरा थांबून म्हणत.

खड्डा गुडघाभर झाला आणि मातीत काहीतरी चमकलं. आधी वाटलं, दुधाच्या बाटलीचं चांदीच्या कागदाचं झाकण असेल. पण झाकणावर माणसाचं तोंड नसतं. ही चकती शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी आणि माशाच्या खवल्यासारखी पातळ होती. एका बाजूला टोकदार टोपी घातलेला कुणी पुरुष होता. त्याच्याभोवतीची अक्षरं पार झिजली होती. दुसऱ्या बाजूला मधोमध क्रॉस, आणि कडेने गोल फिरणारी अक्षरं मात्र कालच उमटवल्यासारखी ठसठशीत. जी, ओ, डी, आर, आय, सी, ओ, एन, एस, टी, ए, एन. एकाला एक चिकटून, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

एव्हाना बेसिल कुंपण ओलांडून आला होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला, चकती नाकाशी नेली आणि मधूनच वाचायला सुरुवात केली.

“सी, ओ, एन, एस, टी, ए, एन. कॉन्स्टॅन. म्हणजे कॉन्स्टंटाइन, रोमचा बादशहा. क्लिफर्ड, तुझ्या बागेत बादशहा आहे.”

“आणि त्याआधीचं जी, ओ, डी?”

“गॉड. देव. तो बादशहा फार धार्मिक होता.”

मग उरलेल्या आर आणि आयचं काय, असं साहेबांना विचारायचं होतं, पण बेसिल तोवर रस्त्यावर पोचला होता.

चहाच्या वेळेपर्यंत साऱ्या स्टॅनबी गावाला कळलं होतं की टिड्सवेलांच्या घराखाली रोमन महाल आहे. लोक केकचा तुकडा हातात घेऊन खड्डा बघायला येऊ लागले. प्रत्येकाकडे एक सल्ला होता. चर्चचा ऑर्गन वाजवणारे गृहस्थ म्हणाले, नाणं व्हिनेगरमध्ये बुडवा. खाटकाची बायको म्हणाली, छे, लिंबू. बेसिलचं मत पडलं की जुन्या धातूला तपकिरी सॉससारखं दुसरं औषध नाही; त्याच्या आत्याने एकदा पितळी घंटा अशी लख्ख केली होती. साहेबांनी स्वभावाविरुद्ध हा सल्ला मानला आणि बादशहाला वाटीभर सॉसमध्ये निजवलं. सकाळी ग्लेनिसबाईंनी तीच वाटी सॉसेजवर ओतली. साहेबांच्या काट्याला काहीतरी खट्कन लागलं म्हणून, नाहीतर ही गोष्ट इथेच पचून गेली असती.

साहेब कायद्याचे माणूस. जुनी वस्तू सापडली तर सरकारदरबारी कळवावी, या विचाराने त्यांनी गावच्या कौन्सिलला फोन केला. तिथल्या बाईंनी फोन सापडलेल्या वस्तूंच्या खात्याकडे दिला, आणि ते खातंही त्याच बाई सांभाळत असल्यामुळे त्यांनीच तो पुन्हा घेतला. वस्तू केव्हा हरवली असावी, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, हजार-दीड हजार वर्षं झाली असतील. बाईंनी ते शांतपणे लिहून घेतलं आणि सांगितलं की नियमाप्रमाणे मालकाला संधी द्यावी लागेल. त्याच दिवशी कौन्सिलच्या काचेच्या फळ्यावर, हरवलेल्या मांजराच्या फोटोशेजारी, चिठ्ठी लागली: ‘जुने नाणे सापडले आहे. खूण पटवून घेऊन जावे.’

मालक आले. एक नव्हे, बरेच आले. एका निवृत्त मेजरसाहेबांनी आपण ते नाणं राणीच्या राज्यारोहणाच्या वर्षी सहलीत हरवल्याचं सांगितलं, आणि त्यावर कुणाचं तोंड आहे असं विचारल्यावर ‘राणीचंच’ म्हणाले. नाण्यावरच्या माणसाला मिशी होती. मेजरसाहेब तरीही दाराशी बराच वेळ उभे राहिले, कारण साहेबांनी त्यांना पूर्वी चढावर गाडी मागे घसरल्याबद्दल नापास केलं होतं आणि कुठेतरी जिंकायची त्यांची इच्छा होती.

पाठोपाठ जिल्ह्याच्या पुरातत्त्व खात्यातून एक गंभीर तरुण आला. त्याने खड्ड्याभोवती लाल-पांढरी पट्टी बांधली, निर्णय होईपर्यंत इथे काही रोवायचं नाही असं बजावलं, आणि निर्णय कोण घेणार हे न सांगता निघून गेला. दांडी गॅरेजमध्ये परत गेली. चादरी बैठकीच्या खोलीत वाळू लागल्या. टीव्ही बघायचा तर उशीचा अभ्रा वर करून बघावा लागे.  साहेबांना चहा देताना ग्लेनिसबाई कप बशीवर ठेवण्याऐवजी आपटू लागल्या.

आता साहेबांचं मन अडकलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. आर आणि आय. ही दोन अक्षरं त्यांना गप्प बसू देईनात. कुणी सिग्नल न देता वळलं की त्यांना जसं व्हायचं, तसंच हे. शेवटी ते वाचनालयात गेले आणि जुन्या इंग्लिश नाण्यांवरचा एक जाडजूड ग्रंथ काखेत मारून आले.

तिथून पुढे साहेबांचं काय झालं, हे ग्लेनिसबाईंनी नंतर कित्येकांना सांगितलं. निवृत्त झाल्यापासून हा माणूस सुपरमार्केटमध्ये लोक ढकलगाड्या कशा वळवतात याला मनातल्या मनात गुण देत हिंडायचा. तोच आता जेवताना काटा खाली ठेवून स्वतःशी हसू लागला. त्यांना कळलं होतं की हे नाणं साच्यात ओतलेलं नसून दोन ठशांमध्ये चांदी ठेवून वर हातोडा मारून केलेलं आहे. कडेला एक बारीकसा क्रॉस असतो, वाचायला सुरुवात तिथून करायची. आधी येतं नाणं पाडणाऱ्या कारागिराचं नाव, मग ‘ऑन’, म्हणजे ‘अमुक गावी’, आणि मग गाव. राजाला चांदी कमी भरलेली आढळली, तर कुणाचा हात तोडायचा हे शोधत बसायला नको, म्हणून ही सोय. शिवाय एक अक्षर दिसायला पी असतं पण वाचायचं डब्ल्यू. “म्हणजे बघ,” ते ग्लेनिसबाईंना म्हणाले, “पुल्फ्रिक नावाचा माणूस कधी नव्हताच. तो वुल्फ्रिक.” ग्लेनिसबाईंना पुल्फ्रिक हा माणूस आत्ताच कळला होता, त्यामुळे तो नसल्याचं त्यांना फारसं दुःख झालं नाही. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी कप हळू ठेवला.

मग एका सकाळी साहेबांनी भिंग घेतलं, तो बारीक क्रॉस शोधला आणि तिथून बोट फिरवत गेले. गॉड्रिक. ऑन. स्टॅन.

स्टॅन.

ते स्टॅनबीत बसले होते.

बातमी ऐकून बेसिलने कॉन्स्टंटाइनला जागच्या जागी सोडलं. त्याच्या आईचं माहेरचं आडनाव गुडरिच, आणि गॉड्रिकचंच पुढे गुडरिच झालेलं असणार, हे त्याला चहाचा पहिला घोट पोटात जायच्या आत सुचलं. त्या दिवसापासून तो टांकसाळीचा वारस म्हणून वावरू लागला. हात तोडण्याची गोष्ट साहेबांनी मुद्दाम सांगितली तेव्हा त्याने मनगट चोळलं, पण माघार घेतली नाही.

इथे ऑर्मथॉर्पविषयी सांगायला हवं. ऑर्मथॉर्प हे ओढ्यापलीकडचं गाव. कुण्या एका राणीने पूर्वी तिथे घोडे बदलले आणि तेवढ्या वेळात एक पेअर खाल्लं, एवढ्या भांडवलावर त्यांनी वेशीवर पाटी लावली होती, दर वर्षी पेअरचा मेळा भरवत होते, आणि मेळ्याच्या अध्यक्षा मिसेस विनिफ्रेड ऑल्डकॉर्न स्टॅनबीच्या लोकांशी बोलताना जरा सावकाश बोलत, जणू समोरच्याला भाषा नीट येत नसावी. स्टॅनबीकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. होतं ते पोस्टही बंद पडलं होतं. टांकसाळीचं ऐकून मिसेस ऑल्डकॉर्न म्हणाल्या, ज्या गावाला टपालाचं तिकीट मिळत नाही तिथे म्हणे नाणी निघायची. हे वाक्य शनिवारच्या बाजारात बोललं गेलं आणि रविवारी स्टॅनबीत टांकसाळ महोत्सव समिती स्थापन झाली. अध्यक्ष टिड्सवेलसाहेब.

आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांना न थांबता ‘गुड मॉर्निंग’ म्हणू लागले. केकवाल्या बाईंनी चॉकलेटवर टोकदार टोपीचा राजा काढला. कुठल्याशा लोहाराने हातोडा आणला, कुठल्याशा वादकांनी बँडचं ठरवलं. ऑर्मथॉर्पच्या मंडळींना खास आमंत्रण गेलं. ते साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. आणि गावच्या सभागृहाच्या दारावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कापडी फलक लागला: ‘हजार वर्षांपूर्वी या गावात नाणे पाडले!’ उद्गारचिन्ह बेसिलचं.

समारंभाच्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या संग्रहालयातल्या नाणेतज्ज्ञ डॉक्टर हेस्टर प्रिंगल आल्या. साहेबांनीच त्यांना बोलावलं होतं, म्हणजे तज्ज्ञांच्या तोंडून शिक्कामोर्तब झालं की मिसेस ऑल्डकॉर्नचा प्रश्न मिटला. दार उघडलं आणि साहेबांनी त्यांना ओळखलं. या बाईंना त्यांनी नापास केलं होतं. एकदा नव्हे, दर वेळी. मेलेल्या भाषांची अक्षरं त्या झोपेत वाचत, पण रस्त्यावरच्या गोल चौकात शिरल्या की बाहेर पडायचा रस्ता त्यांना सापडत नसे. आजही त्या दोन बस बदलून आल्या होत्या.

“ओळखलंत का, मिस्टर टिड्सवेल?”

“हो,” साहेब म्हणाले. “बसा. म्हणजे... कृपा करून बसा.”

हेस्टरबाईंनी मांडीवर कागद घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि एक अक्षर न बोलता नाणं न्याहाळू लागल्या. मध्येच काहीतरी टिपून घेत. चेहऱ्यावर काही दिसेना. आपल्या शेजारी बसून लोकांना इतकी वर्षं काय वाटत होतं, ते साहेबांना वाळत्या चादरींच्या मध्ये बसून प्रथमच कळलं. 

“याला सॉसचा वास का येतोय?” हेस्टरबाईंनी विचारलं.

साहेबांनी खरं ते सांगितलं. तेही टिपून घेतलं गेलं.

मग त्यांनी भिंग उतरवलं आणि एकदम हसल्या, जुना मित्र भेटल्यासारख्या. हा गॉड्रिक आपल्या ओळखीचा आहे, त्या म्हणाल्या. याच्या ठशातला एस नेहमी थोडा आडवा पडलेला असतो, हा बघा. हजार वर्षांपूर्वीच्या कनूट राजाच्या वेळचा माणूस. आणि वाचलंयत तुम्ही अगदी बरोबर. क्रॉसपासून सुरुवात, कारागीर, ऑन, गाव, सगळं जिथल्या तिथे. कॉलेजातल्या मुलांना महिना लागतो याला.

“फक्त स्टॅन म्हणजे स्टॅनबी नव्हे,” त्या जरा थांबून म्हणाल्या. “स्टॅमफर्ड. तेव्हा त्याला स्टॅनफर्ड म्हणायचे. तटबंदीच्या मोठ्या गावांखेरीज कुणाला नाणी पाडू देत नसत. स्टॅनबीत त्या काळी चिखल होता. फार तर बदकं असतील.”

साहेबांनी नाणं हातात घेतलं. बाहेर बँडवाले वाद्यं जुळवत होते.

बेसिलला हे कळलं तेव्हा त्याचा सल्ला तयार होता. आज काही बोलायचंच नाही. उद्या सांगू. किंवा पुढच्या वर्षी. डॉक्टरबाईंना पाय देऊन, म्हणजे मैद्याच्या पारीत डुकराचं मांस भरलेला तो गारेगार इंग्लिश ‘पाय’ देऊन, मागच्या खोलीत बसवू. हे सगळं त्याने इतक्या कळकळीने सांगितलं की साहेबांना त्याची दया आली. बिचाऱ्याचा पूर्वज एका तासात स्टॅमफर्डला राहायला गेला होता. पण ज्यांनी पांढऱ्या रेषेवर वीतभर चाक गेलं म्हणून सख्ख्या मेहुण्याला नापास केलं, त्यांना हे जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी टाय नीट केला आणि ग्लेनिसबाईंना म्हणाले, “मला सांगावं लागणार.”

“मग सांग,” ग्लेनिसबाई म्हणाल्या. “पण कोट ब्रशने झाडून जा.”

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत मिसेस ऑल्डकॉर्न, पिसाची हॅट घालून, ऑर्मथॉर्पच्या मंडळींसह बसल्या होत्या. साहेब व्यासपीठावर चढले आणि परीक्षेचा निकाल सांगावा तशा सपाट आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. नाणं खरं. कारागीर गॉड्रिक. राजा कनूट. गाव स्टॅमफर्ड. चूक वाचण्यात नाही, समजण्यात झाली, आणि ती सर्वस्वी आपली. स्टॅनबीत टांकसाळ नव्हती.

बँडमधल्या कुणाच्या तरी तुतारीतून एक छोटासा सूर आपोआप निसटला. मिसेस ऑल्डकॉर्न रुमालाने ओठ टिपत होत्या, पण रुमालाच्या दोन्ही बाजूंनी हसू बाहेर आलं होतं. साहेबांना वाटलं, आता हे लोक पुन्हा थांबून थांबून बोलतील. त्याहून वाईट म्हणजे लोक खाली मान घालून बसले होते. इतकी वर्षं काहीच नसलेल्या गावाला चार आठवडे काहीतरी मिळालं होतं, आणि ते साहेबांनी स्वतःच परत घेतलं होतं.

तेवढ्यात मागून, चहाच्या टेबलामागून, ग्लेनिसबाईंचा आवाज आला. त्या हेस्टरबाईंना विचारत होत्या.

“स्टॅमफर्डचं नाणं, तर मग ते आमच्या बागेत आलं कसं?”

“कुणीतरी पाडलं असणार,” हेस्टरबाई म्हणाल्या. “येता-जाता. चिखलात.”

“इथे पाडलं? या गावात?”

“हो. इथेच.”

ग्लेनिसबाईंनी किटली खाली ठेवली. “मग बाहेर कापडावर काय चुकीचं लिहिलंय?”

क्षणभर कुणाला उलगडा झाला नाही. मग खाटकाची बायको फलक आठवून पुटपुटली, “या गावात नाणे पाडले,” आणि खोऽ खोऽ हसत शेजारणीच्या अंगावर पडली. हसू रांगेरांगेने पुढे आलं. मेजरसाहेब उभे राहिले आणि त्यांनी स्टॅनबीतच आपला सोन्याचा दात पाडल्याचं जाहीर केलं. ऑर्गनवाल्यांनी हिवाळ्यात पाद्रीबाबांना पाडलं होतं, सायकलवरून. एका आजीबाईंनी लग्नाची अंगठी पाडली होती आणि ती शोधायला वाकलेल्या दुसऱ्याच माणसाशी लग्न केलं होतं. प्रत्येकाला टाळ्या मिळाल्या. हजार वर्षं अखंड काही ना काही पाडत आलेलं असं गाव साऱ्या परगण्यात दुसरं नाही, असं बेसिलने व्यासपीठावर चढून सांगितलं. वंशावळ त्याने तिथल्या तिथे बदलली. आपण पाडणाऱ्याचे वंशज नसून पाडून गेलेल्याचे आहोत. मग नाणं सगळ्यांना दिसावं म्हणून त्याने ते उंच धरलं.

आणि पाडलं.

नाणं एका कडेवर उभं राहिलं, टुणकन उडालं आणि खुर्च्यांच्या पायांतून गडगडत गेलं. हेस्टरबाईंच्या तोंडून कुठल्याशा मेलेल्या भाषेतला शब्द निघाला. पुढच्या क्षणी दोन्ही गावं गुडघ्यांवर होती. स्टॅनबीचे लोक ऑर्मथॉर्पच्या लोकांचे पाय उचलून खाली बघत होते, पाद्रीबाबा झगा गोळा करून पियानोखाली शिरले होते, बँडवाले तुताऱ्या उलट्या करून झटकत होते. साहेबही जमिनीवर होते, झाडलेल्या कोटासकट, आणि आपण हसतोय हे त्यांच्या बऱ्याच वेळाने ध्यानात आलं.

नाणं सापडलं ते मिसेस ऑल्डकॉर्नना. त्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीखाली ओणव्या झाल्या होत्या, पिसाची हॅट कानावर, हातांना धूळ. त्यांनी ते चिमटीत धरून उजेडाकडे केलं, इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं. द्यायला काही त्या तयार दिसेनात.

“हे वाचायचं कुठून?” त्यांनी विचारलं. या वेळी त्या नेहमीच्या वेगाने बोलल्या.

साहेब गुडघ्यांवरच सरकत त्यांच्याशेजारी गेले आणि तो बारीक क्रॉस दाखवला. “इथून. आणि असं उजवीकडे. घाई करू नका.”

बाईंनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. शाळेतल्या मुलीसारखे त्यांचे ओठ हलत होते. गॉड्रिक ऑन स्टॅनपर्यंत आल्या, पुन्हा क्रॉसपाशी पोचल्या आणि खात्रीसाठी आणखी एक फेरी मारली.

“यात ऑर्मथॉर्प कुठेच नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही,” साहेब म्हणाले. “पण स्टॅनबीही नाही.”

मिसेस ऑल्डकॉर्ननी यावर नीट विचार केला.

“मग हरकत नाही,” असं म्हणून त्यांनी नाणं साहेबांच्या तळहातावर ठेवलं, आपल्याला उठवायला हात पुढे केला, आणि विचारलं की तो टोपीवाल्या राजाचा केक कापायचाय की नुसता बघायचाय.